लष्करी गाड्यांवरील खुणा आणि इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्या दुरुस्त करून जतन करणारे पुष्कळजण त्यांवर सरसकट वर्तुळातील पांढरा तारा रंगवितात. तारा शोभून दिसतो. परंतु शोभा म्हणजे इतिहास नव्हे, हेच आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलो.

एकच उदाहरण घेऊ. एरिट्रियातील केरेन येथे १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंदी सैन्याच्या चौथ्या व पाचव्या डिव्हिजन इटालियनांशी लढल्या. चौथीची खूण तांबडा गरुड. पाचवीची, काळ्या चौकोनावर तांबडे वर्तुळ. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण पाचवीत होती. अमेरिका युद्धात उतरली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात, आणि तिचा तारा वर्तुळासह दिसू लागला १९४३ मध्ये. मग केरेनच्या गाडीवर तो कोठून यावा? पाचवीच्या गाडीवर गरुड काढला, तर एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या खाती जमा होतो.

म्हणून जाणते कारागीर पॉलिश पेपरने रंगाचा एकेक थर हलकेच घासून खालची मूळ खूण शोधतात, जुन्या छायाचित्रांशी ताडतात आणि मगच कुंचला उचलतात.

आपल्या वाडवडिलांची अशी लष्करी छायाचित्रे ज्या घरी असतील, त्यांनी ती जपावीत, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती.