हौदाची कुळकथा

दिल्ली मेट्रोत ‘हौज खास’ स्टेशनाचं नाव पुकारलं जातं तेव्हा मराठी माणसाने कान द्यावा. हा हौज म्हणजे आपला हौदच. मूळ शब्द अरबी. त्याचं शेवटचं अक्षर अरब जड ‘द’सारखं उच्चारतात, फारसीत त्याचा ‘ज’ होतो. रमदानचा रमजान झाला तो याच वाटेने. दिल्लीच्या तोंडी फारसी उच्चार बसला, मराठीने ‘द’ धरून ठेवला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी भुयारी नळाने पुण्यात आलं आणि काळा हौद, बदामी हौद ही पुढे पत्ता सांगायची नावं होऊन बसली.

मात्र आपला हौद चुनेगच्ची, चार भिंतींतला. दिल्लीचा हौज म्हणजे अख्खं तळं. यमुना शहराच्या एका अंगाला, वस्ती अरवलीच्या खडकाळ उतारावर. तिथे पावसाचं पाणी अडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून 1230च्या सुमारास दिल्लीचा सुलतान इल्तुतमिशने मेहरौलीत हौज-ए-शमशी बांधला. जागा पैगंबरांनी स्वप्नात दाखवली आणि तिथे त्यांच्या घोड्याच्या खुराची खूण उमटली, अशी आख्यायिका आहे. त्या खुणेसाठी उभारलेली लाल दगडाची छोटी छत्री आजही तिथे आहे. पुढे शंभरेक वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत आला. लोक याच तळ्याचं पाणी पितात, असं त्याने नोंदवलं. कडेचं पाणी आटलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत ऊस, काकड्या, खरबुजं लावतात, हेही त्याने टिपलं. तळं भरलेलं असो वा ओसरलेलं, शहराचं पोट त्यावर चालत होतं.

दुसरा हौज सुलतान अलाउद्दीन खिलजीने सिरी या आपल्या नव्या शहराच्या वस्तीसाठी खोदला. तोच आजचा हौज खास. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. 1351मध्ये गादीवर आलेल्या फिरोजशाह तुघलकाने आपल्या कारभाराचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. शमशी हौजाला पाणी आणणारे ओहोळ काही लोकांनी बुजवले होते. खिलजीच्या हौजात गाळ साचून त्यावर शेती चालली होती. लोकांनी तिथेच विहिरी पाडल्या होत्या आणि त्यांचं पाणी ते विकत होते. सुलतानाने ओहोळ मोकळे केले, बुजवणाऱ्यांना शिक्षा केली, गाळ उपसला. सार्वजनिक तळं मरतं आणि त्याच जागी पाण्याचा धंदा उभा राहतो, ही दिल्लीची व्यथा साडेसहाशे वर्षांहून जुनी आहे.

विसाव्या शतकात हौज खास पुन्हा कोरडा पडला. शहर वाढलं आणि पाणलोटातून येणाऱ्या वाटा तुटल्या. या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा भरला, पण शुद्ध केलेल्या सांडपाण्याने.

दिल्लीच्या आसपासच्या खेड्यातल्या जोहडाला, म्हणजे गावतळ्याला, सुलतान कधीच नव्हता. गाळ काढायचा तर गावानेच. नळ आले, बोअर आले, तळ्याची गरज वाटेनाशी झाली, आणि मग ते कचरा टाकायची जागा ठरलं. ग्रेटर नोएडाचे रामवीर तंवर शिकले यंत्र-अभियांत्रिकी, पण वळले ते या तळ्यांकडे. शिकवणीला येणाऱ्या मुलांमार्फत त्यांनी घरोघरच्या मोठ्यांना पाण्याबद्दल बोलायला जमवलं. त्या बैठकांचं नाव ‘जल चौपाल’. आधी बोलणं, मग कचरा उपसणं, मग खोदाई, आणि तळ्यात शिरणाऱ्या गटाराच्या तोंडाशी प्लास्टिक अडवणारी जाळी. मला या क्रमातलं पहिलं पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. यंत्र भाड्याने मिळतं. जाळीत अडकलेला कचरा दर आठवड्याला कोण काढणार, हे चौपालातच ठरतं.

तुमच्या गावात, पेठेत हौद किंवा तळं असेल तर या उन्हाळ्यात तिथे जाऊन उभे राहा. पाणी किती आहे ते नंतर पाहा. आधी ते कुठून येत असे ती वाट शोधा, आणि तिच्यावर आज काय उभं आहे ते ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत विचारा.