आदिलशाही लारी : पुरलेल्या साठ्यांतील एक चांदीचे नाणे

मध्ययुगीन दख्खनच्या नाण्यांचा विचार करताना होन, टंका व रुपया यांची चर्चा विपुल झाली. लारी मात्र काहीशी उपेक्षित राहिली. तिचे रूप हे याचे एक कारण असावे. लारी वाटोळी नसते. चांदीची तार मधोमध दुमडून ती दोन ठशांमध्ये ठेवायची व वरून हातोड्याचा घाव घालायचा, अशी तिची घडण. वजन सुमारे पाच ग्रॅम. इराणमधील लार या शहरावरून तिला नाव मिळाले आणि होर्मुझच्या व्यापाराबरोबर ती अरबी समुद्राच्या काठाने पसरली. श्रीलंकेत तिला गळासारखा बाक आला. मालदीवमध्ये रुफियाच्या शंभराव्या भागाला आजही लारी म्हणतात.

विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाने (1656-1672) स्वतःच्या नावाने लारी पाडल्या. कोल्हापूरकरांना हा सुलतान अपरिचित नाही. 28 नोव्हेंबर 1659 रोजी शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला, तो याच्याच राज्यातून. आंबा व अणुस्कुरा हे घाट आपल्या प्रदेशातून ज्या रत्नागिरी जिल्ह्यात उतरतात, तेथे जमिनीत पुरलेले लारींचे साठे मिळाले आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या मते या साठ्यांचे महत्त्व चांदीपेक्षा नाण्यांच्या संख्येत आहे. ठसा रुंद आणि तार अरुंद असल्याने प्रत्येक लारीवर फारसी लेखाचा तुकडाच उमटतो. अनेक लारी शेजारी मांडल्यावरच ‘सुलतान अली आदिल शाह’ हा लेख पुरा जुळतो. साठा वाटला गेला, की हे वाचनच खुंटते. आणि सोनाराच्या तराजूत लारी ही निव्वळ मोडीची तार. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 प्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. शासनाने ते संपादन केल्यास धातूचे मोल व त्यावर एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. अक्षरांचे मोल त्यात कोठेच धरलेले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

मागील बाजूवरील एक शब्द काही अभ्यासकांनी ‘दाबूल’, म्हणजे दाभोळ, असा वाचला, इतरांनी ‘दांगी’. या लारी दाभोळच्या टांकसाळीत पडल्या काय, हा प्रश्न बव्हंशी त्या शब्दाशी निगडित आहे. तो सोडविण्यास त्या शब्दाचे निरनिराळे भाग उमटलेल्या अनेक लारी, त्याही न फुटलेल्या साठ्यातील, एकत्र पाहावयास हव्यात.