पायथागोरसपंथाचे सोवळे
पावटे खाऊ नका, खाली पडलेले उचलू नका, लोखंडाने विस्तव उकरू नका, हे कुणा आजीबाईंचे सोवळे नव्हे. इ. स. पू. ५३० च्या सुमारास दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे पायथागोरसाने स्थापिलेल्या पंथाचे हे नियम होत, असे पुढील ग्रीक ग्रंथकार सांगतात.

विश्व संख्यामय आहे, ही त्यांची श्रद्धा. १, २, ३ व ४ मिळून १०. म्हणून दहा पवित्र. आकाशातील गोल नऊच भरले, तेव्हा त्यांनी न दिसणारी दुसरी पृथ्वी कल्पिली! परंतु चौरसाच्या बाजूचे व कर्णाचे गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येत नाही, हेही याच पंथात उमगले, असे मानतात. ते रहस्य फोडणारा समुद्रात बुडाला, अशी आख्यायिका आहे.

श्रद्धेला नवी पृथ्वी कल्पिता आली. सिद्धता मात्र पुसता आली नाही.