राणीचं पत्र आणि पिझ्झा

इटलीतल्या नापोली शहरात ब्रांदी नावाचं पिझ्झाचं जुनं, नावाजलेलं दुकान आहे. सांगतात ते असं: १८८९ च्या जूनमध्ये राणी मार्गेरिता शहरात आली असता राफाएले एस्पोझितो या कारागिरानं टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल घालून पिझ्झा केला. लाल, पांढरा, हिरवा. थेट झेंड्याचेच रंग! राणी खूश झाली आणि पिझ्झाला तिचं नाव मिळालं. पुरावा काय, तर राजवाड्याचं आभारपत्र. १९८९ साली दुकानावर तशी पाटीही लागली.

पुढे २०१४ मध्ये झॅकरी नोवॅक या अभ्यासकानं ते पत्रच तपासलं. शिक्का आणि हस्ताक्षर जुळत नाही, पत्र बनावट असावं, असं त्यानं मांडलं. शिवाय मोझरेला-बेसिलच्या पिझ्झाचं वर्णन १८६६ च्या पुस्तकातही सापडतं.

काहीजण म्हणतात, चव चांगली आहे ना, मग पत्राचं काय एवढं? मला हे पटत नाही. वर्गात मी मुलांना एकच विचारायचो, "हे कशावरून?" गिऱ्हाईक चवीबरोबर गोष्टीचेही पैसे मोजतं. आणि या गोष्टीत श्रेय हरवतं ते राणीच्या आधीपासून हा पिझ्झा करणाऱ्या, खाणाऱ्या गोरगरिबांचं. पाटी खरं तर त्यांच्या नावाची हवी. असो.