संगणक शीतन व ध्वनिनियंत्रण, घरगुती (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

सुटे भाग विकत घेऊन घरीच जोडलेल्या डेस्कटॉप संगणकातील उष्णता वेळच्या वेळी बाहेर काढणे आणि तसे करताना पंखे, हार्ड डिस्क व वीजपुरवठा यांचा आवाज किमान पातळीवर राखणे, या दोन उद्दिष्टांचा एकत्र विचार करणारे जोडणीचे तंत्र. प्रस्तुत नोंदीत या तंत्राचे विवेचन ठाणे शहर व कल्याण-डोंबिवली परिसरातील हवामान, घरांची रचना, धूळ आणि वीज यांच्या अनुषंगाने केले आहे. शीतन आणि शांतता ही उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात असा समज रूढ असला, तरी पंखा मोठ्याने फिरू लागतो तो बहुधा हवेची वाट अडल्यामुळे. वाट मोकळी असेल तर सावकाश फिरणारा पंखाही पुरतो. त्यामुळे या प्रदेशात शांत संगणकाचा प्रश्न हा मूलतः हवेची वाट वर्षभर मोकळी राखण्याचा प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट व वीजपुरवठा यांच्या मापांचे मानक जाहीर केले आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांत बसू लागल्याने ‘असेंबल्ड’ संगणकाची जोडणी सुकर झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई परिसरात सुट्या भागांची मोठी बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे वाढली. ठाणे-डोंबिवलीकडील ग्राहक दादरला गाडी बदलून तेथे जात आणि खोकी लोकलने घरी आणत. स्थानिक दुकाने व घरपोच विक्री वाढल्यावर हे अवलंबित्व कमी झाले.

आरंभीच्या संगणकांत उष्णतेचा प्रश्न गौण होता. २००४ नंतरच्या पेंटियम ४ प्रोसेसरांची उष्णता ११५ वॅटपर्यंत पोचली, तेव्हा त्यांवरील लहान व वेगवान पंख्यांचा आवाज घरभर जाणवू लागला. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओ मालिकेतील बहुतेक प्रोसेसर ६५ वॅटचे असल्याने हा ताण काही काळ सैल झाला. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर एकाच खोलीत नोकरीचे काम, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि वृद्धांची विश्रांती चालू लागली आणि संगणकाचा आवाज हा कुटुंबाच्या स्वास्थ्याचा विषय बनला.

हवामान व खोलीचे तापमान

मार्च ते मे या महिन्यांत या परिसरात दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. पूर्वेकडून वारे वाहू लागून समुद्री वारा उशिरा पोचतो त्या दिवशी ते ४० अंशांच्या आसपास जाते, आणि किनाऱ्यापासून आत असल्याने कल्याण-डोंबिवलीत ही झळ ठाण्याहून अधिक बसते. ऑक्टोबरमध्ये उष्म्याचा दुसरा, तुलनेने सौम्य टप्पा येतो. वरच्या मजल्यावरील, गच्चीला लागून असलेल्या घरांत तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो.

खोलीचे तापमान महत्त्वाचे ठरण्याचे कारण असे, की हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ दोहोंतील फरक मर्यादित ठेवतो. हा फरक म्हणजे प्रोसेसरची उष्णता गुणिले कूलरचा उष्णतारोध, म्हणजे दर वॅटमागे वाढणारे अंश. ८८ वॅटच्या प्रोसेसरवर दर वॅटला ०.४ अंश इतका रोध असलेला कूलर बसवल्यास फरक सुमारे ३५ अंशांचा येतो, आणि कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा ५ अंशांनी गरम धरल्यास २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६४ अंशांवर, तर ३६ अंशांच्या खोलीत ७६ अंशांवर स्थिरावतो. परदेशी चाचण्या बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत केल्या जात असल्याने त्यांतील आकडे येथे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते. ७६ अंश तापमान प्रोसेसरला घातक नसते, कारण अलीकडील प्रोसेसरांची कमाल मर्यादा साधारणतः ९५ ते १०० अंश असते. परंतु पंख्याचा वेग कारखान्यातून आलेल्या मांडणीप्रमाणे तापमानाबरोबर चढत असल्यास तोच संगणक मे महिन्यात गोंगाट करतो.

पंखा, वेग व दाब

पंख्याने ढकललेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात, त्याने निर्माण केलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्याने घेतलेली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ध्वनी तर त्याहूनही झपाट्याने वाढतो आणि वेग निम्मा केल्यास सुमारे १५ डेसिबलने उतरतो. व्यासाचा परिणामही तितकाच निर्णायक असतो. ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २,५०० फेऱ्यांनी जेवढी हवा हलवतो, तेवढीच हवा त्याच आकृतिबंधाचा १२० मिलिमीटरचा पंखा सुमारे ७४० फेऱ्यांत हलवतो आणि सैद्धांतिक हिशेबाने आवाज सुमारे १४ डेसिबलने घटतो. शांत जोडणीत १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे वापरण्यामागील शास्त्रीय आधार हाच होय.

या लाभाची किंमत दाबात मोजावी लागते. वरील उदाहरणात मोठ्या, सावकाश पंख्याचा दाब लहान पंख्याच्या सुमारे एक-पंचमांश उरतो. त्यामुळे गोंगाट करणारा लहान पंखा धुळीने भरलेल्या जाळीतूनही काही हवा ओढून घेतो, तर शांत पंखा अशा जाळीपुढे निष्प्रभ होतो. ठाणे-डोंबिवलीतील धूळ लक्षात घेता शांत संगणकाचे यश पंख्याच्या किमतीपेक्षा जाळीच्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असते.

लागणाऱ्या हवेचा अंदाज सोप्या हिशेबाने मिळतो. ३०० वॅट उष्णता सोडणाऱ्या संगणकातील हवा आत येऊन बाहेर जाईपर्यंत १० अंशांपेक्षा अधिक तापू नये, असे ठरवल्यास ताशी सुमारे ९३ घनमीटर हवा खेळती असावी लागते. समोरून दोन व मागे एक असे १२० मिलिमीटरचे पंखे मध्यम वेगात हे काम सहज करतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवल्यास फटींतून धूळ शिरत नाही, असे मानले जाते. हा लाभ किती मोठा, याविषयी एकमत नाही.

कूलर

प्रोसेसरवरील मनोऱ्यासारख्या कूलरमध्ये तांब्याच्या उष्णतानळ्या असतात. नळीतील अल्पसे पाणी कमी दाबाखाली तळाशी वाफ होऊन वर जाते, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांशी उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून तळाशी परतते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये या नळीचा विकास केला. तैवानच्या कूलर मास्टर कंपनीची हायपर २१२ मालिका भारतीय बाजारात दीर्घकाळ परिचित आहे, तर ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ मधील एनएच-डी१५ हा पंख्यांसह सव्वा किलोहून जड कूलर या प्रकाराचा मानदंड समजला जातो. अशा कूलरांची उंची १६० मिलिमीटरच्या आसपास असल्याने कॅबिनेटची रुंदी आधी तपासावी लागते. जोडलेला संगणक रिक्षाने किंवा लोकलने न्यायचा असल्यास जड कूलर उतरवून वेगळा न्यावा, कारण धक्क्यांनी मदरबोर्डवर ताण येतो.

थर्मल पेस्ट ही प्रोसेसर व कूलर यांमधील सूक्ष्म फटी भरण्यापुरती, पातळ थरात लावतात. ती लावण्याच्या आकाराविषयी अनेक मते आहेत.

द्रवशीतन. पंप, नळ्या व रेडिएटर यांवर आधारलेली ही पद्धत परिसरात प्रचलित आहे.

कॅबिनेट व त्याची जागा

बंद दर्शनी भाग व आतून ध्वनिशोषक अस्तर असलेली कॅबिनेटे थंड देशांत उपयुक्त ठरली. येथील उष्म्यात मात्र जाळीदार दर्शनी भाग, मोठे पंखे व कमी वेग ही रचना अधिक भरवशाची ठरते. जागेची निवडही तितकीच महत्त्वाची असते. संगणक टेबलात ‘सीपीयू’ ठेवण्यासाठी केलेला तीन बाजूंनी बंद कप्पा मागून सोडलेली गरम हवा पुन्हा समोर आणतो. कॅबिनेट या कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे हा बिनखर्चाचा आणि पुष्कळदा सर्वांत परिणामकारक उपाय होय. लोखंडी कपाटावर किंवा पोकळ फळीवर ठेवलेल्या कॅबिनेटची कंपने मोठी होतात. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची १२० हर्ट्झची घुमणारी लय अशीच पसरते. रबरी पाय आणि एसएसडीचा वापर यांनी ती नाहीशी करता येते.

धूळ, दमटपणा व देखभाल

परिसरातील धुळीचे स्वरूप मिश्र आहे. घोडबंदर रस्त्यालगतची बांधकामे आणि २०१८ पासून सुरू झालेली मेट्रोची कामे (ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे झाले) यांतून सिमेंटचे बारीक कण येतात. घरातून गाद्यांचा कापूस, कपड्यांचे तंतू, उदबत्तीचा धूर आणि फोडणीची तेलकट वाफ यांची भर पडते. एका खोलीच्या घरात ओटा व संगणक यांत काही पावलांचेच अंतर असल्याने तेलाने चिकट झालेली धूळ कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी जमते आणि केवळ फुंकर मारून निघत नाही. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. ही धूळ तेव्हा पाणी शोषते आणि सर्किटवर सूक्ष्म गळतीप्रवाहास वाट देते. बरेच दिवस बंद ठेवलेला संगणक पावसाळ्यात सुरू न होता बीप देऊ लागतो, तेव्हा दुरुस्ती करणारे रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसतात व पुन्हा बसवतात. हा उपाय बहुधा लागू पडतो, पण वारंवार घासल्यास वरचा मुलामा झिजतो. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ चालू ठेवल्यास आतील भाग किंचित उबदार राहून ओल टिकत नाही.

पंख्यासमोर नायलॉनची सुटी होणारी जाळी बसवावी. मच्छरदाणीचे कापड पर्याय म्हणून वापरले जाते. त्याची भोके मोठी असल्याने कापूस अडतो, सिमेंटचे कण अडत नाहीत, परंतु दाबाची हानीही कमी होते. जाळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पाण्याखाली धुऊन पूर्ण वाळवावी. आतील सफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या साफसफाईत, करणे सोयीचे ठरते. वीज तोडून, कॅबिनेट गॅलरीत नेऊन, मऊ ब्रश व ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरून त्याचे बेअरिंग बिघडते आणि उलट दिशेने वीजदाबही निर्माण होतो. तळमजल्यावरील घरांत झुरळे व पाली उबेसाठी एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीत, शिरतात. म्हणून मागील रिकाम्या खाचा पट्ट्यांनी बंद ठेवाव्यात.

डोंबिवली औद्योगिक क्षेत्रालगत हवेतील गंधकयुक्त वायू चांदी व तांबे यांना गंजवतात, त्यामुळे तेथे रात्री खिडकी बंद ठेवणे संगणकासही हितावह मानले जाते.

वीज

एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असल्यास ३०० वॅट पुरवताना सुमारे ५३ वॅट त्यातच उष्णतेत जातात. अधिक कार्यक्षम एसएमपीएस त्यामुळे अधिक शांतही असतो. जुन्या इमारतींत अर्थिंग सदोष असल्यास कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसमधील गाळणी-कपॅसिटरांमुळे धातूचा सांगाडा पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, दाबावर तरंगतो. विद्युत्प्रवाह अल्प असला तरी अर्थिंग दुरुस्त करून घेणे आवश्यक होय. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन तरंगाऐवजी पायऱ्यांचा तरंग देतात; त्याने काही एसएमपीएस गुणगुणतात किंवा बंद पडतात.

भारनियमन. पूर्वीच्या तुलनेने कमी.

आवाजाची पातळी व नियंत्रण

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ४५ डेसिबलच्या पार्श्वभूमीत ३० डेसिबलचा संगणक मिसळल्यास एकूण पातळी जेमतेम ४५.१ होते. तरीही तो कानाला खुपू शकतो, कारण कान एकूण पातळीपेक्षा एकाच स्वराची किणकिण आणि पातळीतील चढउतार लवकर टिपतो. म्हणून बायॉसमधील पंख्याच्या मांडणीत वेग साधारण ६० अंशांपर्यंत स्थिर ठेवून पुढे हळूहळू वाढवावा आणि क्षणिक तापमानवाढीला प्रतिसाद देण्यापूर्वी काही सेकंदांचा विलंब ठेवावा. प्रोसेसरला मिळणारी वीज मर्यादित करणे हाही उत्तम उपाय होय. इंटेलचा कोअर आय५-१२४०० मूळ ६५ वॅटचा असला तरी कमाल ११७ वॅट घेऊ शकतो. ही कमाल मर्यादा ६५ वर आणल्यास लेखन, अक्षरजुळणी, हिशेब यांसारख्या कामांत फरक जाणवत नाही, उष्णता मात्र ठळकपणे घटते.

मूल्यमापन

जोडणीची परीक्षा दोन वेळी करावी लागते. पहिली मे महिन्यातील दुपारी, वातानुकूलन बंद ठेवून, प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण भार देऊन. दुसरी डिसेंबर-जानेवारीतील रात्री, छताचा पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या असताना. कारण इतर ऋतूंत छताच्या पंख्याचा आवाज संगणकाचे दोष झाकून टाकतो. केवळ पहिल्या कसोटीला उतरलेला संगणक थंड, पण झोपेत व्यत्यय आणणारा असू शकतो. केवळ दुसऱ्या कसोटीला उतरलेला संगणक उन्हाळ्यात आपला वेग आपणच कमी करतो. दोन्ही कसोट्यांना उतरणारी आणि सहा महिन्यांच्या धुळीनंतरही, फक्त जाळी धुऊन, पुन्हा उतरणारी जोडणीच या प्रदेशापुरती यशस्वी मानावी.