सूर्यफुलाचा कंद आणि निपाणीचा तंबाखू



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. परंतु त्यांचा तास पुष्कळदा इतिहासात जाऊन संपत असे. एकदा त्यांनी फळ्यावर 'बटाटा' हा शब्द लिहिला आणि हे नाव कोणाचे, असे विचारले. वर्ग हसला. मग त्यांनी सांगितले की, हे नाव मुळात रताळ्याचे आहे. कॅरिबियन बेटांवरील लोकांनी रताळ्याला दिलेला हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला, पुढे तो दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून आलेल्या दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरून मराठीत रुळला. रताळे मात्र 'रक्तालु' या जुन्या नावाच्या आश्रयाने राहिले. एका कंदाचे नाव दुसऱ्याने पळविले, असे ते म्हणत. आज मी ज्या कंदाविषयी बोलणार आहे, त्याचे तर स्वतःचे असे एकही नाव नाही. आणि निपाणी-बेळगावच्या श्रोत्यांपुढे त्याचा विषय का काढावा, याचे उत्तर व्याख्यानाच्या उत्तरार्धात येईल. तोवर थोडा धीर धरावा.

इंग्रजीत त्यास जेरुसलेम आर्टिचोक म्हणतात. त्याचा जेरुसलेमशी संबंध नाही आणि आर्टिचोक नावाच्या युरोपीय भाजीचा तो सख्खा आप्तही नाही. ही वनस्पती उत्तर अमेरिकेतील. सूर्यफुलाची सख्खी बहीण. उंच वाढते, पिवळी फुले येतात आणि जमिनीत आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे कंद धरतात. फ्रेंच प्रवासी साम्युएल द शांप्लँ याने १६०५ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेथील मूळ रहिवाशांच्या शेतांत हे कंद पाहिले आणि त्यांची चव आर्टिचोकसारखी वाटते अशी नोंद केली. तेवढ्यावरून नावाचा अर्धा भाग आला. उरलेला अर्धा 'जिरासोले', म्हणजे सूर्याकडे वळणारे, या इटालियन शब्दाचा अपभ्रंश असावा, अशी एक उपपत्ती आहे. ती सर्वमान्य नाही. फ्रेंचांनी आणखी गंमत केली. १६१३ मध्ये ब्राझीलमधील तुपिनांबा जमातीचे काही लोक पॅरिसला आणले गेले, त्यांचा बोलबाला झाला, आणि त्याच सुमारास बाजारात आलेल्या या कंदाला 'तोपिनांबूर' म्हणू लागले. कंद कॅनडाकडचा, नाव ब्राझीलचे! मी या व्याख्यानापुरते त्याला सूर्यकंद म्हणतो.

सतराव्या शतकात युरोपात त्याचे मोठे कौतुक झाले. पुढे बटाटा स्थिरावला आणि सूर्यकंद गुरांच्या गव्हाणीत गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये बटाटा दुर्मीळ झाला, तेव्हा लोकांनी पुन्हा सूर्यकंद खाऊन दिवस काढले. आणि युद्ध संपताच त्या दिवसांची आठवण नको म्हणून तो ताटातून पुन्हा घालविला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातील सुकडी आणि मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना ही भावना समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्याच्या गुणाकडे येऊ. बटाटा, रताळे, साबुदाण्याचा कंद हे सारे आपला साठा पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपाने करतात. सूर्यकंद तसा करीत नाही. त्यात इन्युलिन नावाचे द्रव्य असते. १८०४ साली व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला ते दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मुळांत सापडले होते. स्टार्च ही ग्लुकोजच्या कणांची साखळी, तर इन्युलिन ही फळसाखरेच्या, म्हणजे फ्रुक्टोजच्या कणांची. आपल्या लहान आतड्यातील पाचकरसांना ही दुसरी साखळी तोडता येत नाही. म्हणून इन्युलिन रक्तातील साखर चढवीत नाही आणि ऊर्जाही स्टार्चच्या निम्म्याहून कमी देते. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जंतूंचे अन्न होते. उपकारक जंतूंना पोसणाऱ्या अशा अन्नांशाला 'प्रीबायोटिक' हे नाव गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी १९९५ मध्ये दिले.

इन्युलिनचा आणखी एक उपयोग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. शिरेतून दिल्यास ते मूत्रपिंडात गाळले जाते, परत शोषले जात नाही आणि नव्याने मिसळलेही जात नाही; त्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळण्याचे अचूक मोजमाप घेण्यास १९३० च्या दशकापासून ते प्रमाण मानले गेले.

येथे दोन इशारे देणे मला कर्तव्य वाटते. मोठ्या आतड्यातील जंतू हे अन्न खाताना वायू निर्माण करतात. जॉन गुडयर या इंग्रज वनस्पतिज्ञाने १६२१ मध्येच या कंदाने पोटात वारा धरतो अशी तक्रार लिहून ठेवली आहे. ज्यांचे आतडे हळवे आहे त्यांनी ती मनावर घ्यावी. दुसरे असे की, मधुमेहावर हा कंद म्हणजे औषध नव्हे. पिष्टमय पदार्थाच्या जागी तो खाल्ला तर साखर कमी चढेल, इतकेच. आणि इन्युलिनसाठी अमेरिकेच्या कंदाचीच वाट पाहावी असेही नाही. आपला कांदा आणि लसूण यांत ते असते; लसणात तर भरपूर. भाकरी, ठेचा आणि कांदा खाणाऱ्या आपल्या आजोबांनी हे नाव न ऐकताही ते रोज खाल्ले.

हेच इन्युलिन आम्लाने किंवा विशिष्ट विकराने तोडले की त्याचा मुख्यतः फळसाखरेचा पाक होतो, आणि आंबवले की मद्यार्क. म्हणजे एकाच कंदातून पथ्याचा तंतू निघतो आणि ज्याचे पथ्य सांभाळावे अशी साखरही निघते. कारखानदारांची नजर साहजिकच दुसऱ्या बाजूवर गेली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९२० च्या दशकात या कंदापासून फळसाखर काढण्याचे प्रयोग केले. १९३० च्या दशकातील मंदीत शेतमालापासून मोटारीचे इंधन काढावे अशी चळवळ तिकडे उभी राहिली, तीतही सूर्यकंदाचे नाव घेतले जाई. परंतु कंदाची साल पातळ. उपटला की सुकतो, सडतो. कारखान्याला वर्षभर माल हवा आणि हा माल वखारीत टिकत नाही. पुढे १९६० च्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून विकराच्या साहाय्याने फ्रुक्टोजयुक्त पाक निघू लागला आणि फळसाखरेची बाजारपेठ मक्याने घेतली. मका पोत्यात टिकतो, हा त्याचा मोठा गुण. इन्युलिनचा उद्योगही सूर्यकंदाच्या वाट्यास आला नाही. बेल्जियममध्ये तो चिकोरीच्या मुळांवर उभा राहिला, आणि तोही बीटसाखरेच्या जुन्या उद्योगाच्या आधाराने. जवळच्या शेतांतून मुळे आणून, कापून, गरम पाण्यात रस उतरविणारी यंत्रे व माणसे तेथे आधीच होती.

आणि आता १९८१ हे साल. त्या वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मार्शल या गावी 'अमेरिकन एनर्जी फार्मिंग सिस्टिम्स' नावाची कंपनी निघाली. तेल महागले होते, धान्याचे भाव कोसळले होते, शेतकरी कर्जात होते. सूर्यकंदापासून इंधन निघेल, साखर निघेल, गुरांचे खाद्य होईल, असे सांगून कंपनीने शेतकऱ्यांना बियाण्याचे कंद चढ्या दराने विकले. जोडीला देवाधर्माची भाषाही होती. जे कंद पिकत, ते पुढच्या शेतकऱ्याला बियाणे म्हणून विकले जात. इंधनाचा कारखाना नव्हता, साखरेचाही नव्हता. बियाणे घेणारा नवा शेतकरी हेच एक गिऱ्हाईक. दोन वर्षांच्या आत सुमारे २,५०० शेतकऱ्यांकडून अडीच कोटी डॉलरच्या घरात रक्कम गोळा झाली आणि १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. जोसेफ अमाटो या तेथल्याच इतिहासकाराने यावर पुढे ग्रंथ लिहिला. माझ्या मते शेतीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे प्रकरण वाचले पाहिजे. त्यात पीक फसले नव्हते. कंद उत्तम आले होते.

त्याच १९८१ साली, १४ मार्चला, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली आपल्या भागातील तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर येऊन बसले. त्या तळाला 'आंदोलननगर' हे नाव पडले. बायका होत्या, पोरे होती, भाकऱ्या गावोगावहून येत होत्या. तंबाखूला भाव द्या, एवढेच मागणे. ६ एप्रिलला पोलिसांनी तळ उठविला, गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले. या सभागृहात अशी माणसे बसली असतील, ज्यांच्या घरातून कोणीतरी त्या रस्त्यावर गेले होते.

मिनेसोटात गिऱ्हाईक नव्हतेच. निपाणीत गिऱ्हाईक होते, पेठ होती, वखारी भरलेल्या होत्या, बिडीला देशभर मागणी होती. तरीही भाव शेतकऱ्याच्या हाती नव्हता. व्हर्जिनिया तंबाखूसाठी केंद्र सरकारने १९७६ मध्ये तंबाखू मंडळ स्थापन केले, पुढे त्याचे लिलावही सुरू झाले. बिडीच्या तंबाखूला हे छत्र मिळाले नाही. १९५६ मध्ये मधून सीमारेषा गेली, तरी कागल-गडहिंग्लजकडचा तंबाखूही याच पेठेकडे पाहत राहिला. तिकडे पिकाला गिऱ्हाईक नसणे आणि इकडे गिऱ्हाइकापुढे शेतकऱ्याचे काही न चालणे, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हा योगायोग खरा. पण तो मला गेली कित्येक वर्षे स्वस्थ बसू देत नाही.

कारण प्रश्न अजून संपलेला नाही. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. तंबाखू पिकविणाऱ्यांना आणि त्यावर राबणाऱ्यांना पर्यायी उपजीविका मिळावी, असे त्या कराराच्या सतराव्या कलमात म्हटले आहे. तंबाखू माणसे मारतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आणि ज्यांचे शिक्षण त्याच तंबाखूच्या पैशावर झाले, त्यांत मीही आहे. तेव्हा पर्याय सुचविला जातो, त्या वेळी मी कान टवकारतो. सूर्यकंदासारखी आरोग्यदायी आणि औद्योगिक म्हणून गाजणारी पिके अशा याद्यांत शिरण्यास वेळ लागत नाही.

या पिकाची आपल्या मातीत काय गत होईल? निपाणीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिकटते. त्यातून वेडेवाकडे कंद काढणे हे मजुरीचे काम. शिवाय या वनस्पतीच्या बहुतेक जाती दिवस लहान होऊ लागले की कंद धरतात. उत्तरेकडे तत्पूर्वी उन्हाळ्याचे लांबच लांब दिवस मिळून रोप पुरुषभर वाढलेले असते. आपल्याकडे तसे दिवस नाहीत, रोप लहान असतानाच कंद धरू लागतो. मी परसात काही कंद लावून पाहिले. सुपारीएवढे आले. हे संशोधन नव्हे, पण बिघ्यावर पैसे घालण्यापूर्वी कोणीही एवढे करून पाहू शकतो.

याच जातीचा अनुभव आपण देशी कंदावर घेतलेला आहे. पांढरी मुसळी हा फ्रुक्टोजच्याच साखळ्या बाळगणारा कंद. त्याचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. २००० च्या आसपास मुसळीचे बेणे सोन्याच्या भावाने विकले गेले आणि माल निघाला तेव्हा घेणारा दिसेना. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे परत खरेदीचा छापील करार होता. करार देणाऱ्याचे कार्यालय मात्र उरले नव्हते. २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरातून कडकनाथ कोंबड्यांची जी योजना फिरली, तिच्यावरही फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. मार्शल गावचा हिशेब यांहून वेगळा नव्हता.

उलट उदाहरणही जवळच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा आपल्या देशातील पहिला पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत मिरज होते. ऊस, मळी, आसवनी आणि तेल कंपनी ही साखळी जागेवर होती म्हणून तो पुढे गेला. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ हे कारखाने उसाच्या हिशेबाने चालतात. त्यांच्या दारात कंदाची गाडी उभी राहिली तर ती काट्यावर घेणार कोण, हे आधी विचारावे लागेल. आणि वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, घरी बिड्या वळणाऱ्या बायकांना त्या नव्या पिकात काम काय, हेही. तंबाखूचा पर्याय बहुधा केवळ शेताच्या बांधापुरता मोजला जातो. या बायका त्या मोजणीत येत नाहीत.

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव, बेळगुंदी, बेकिनकेरे या भागात, तांबड्या जमिनीत पावसाळ्याच्या तोंडावर रताळ्याचे वेल लावतात. नवरात्राच्या सुमारास माल बेळगावच्या मार्केट यार्डात येतो आणि उपवासाच्या मागणीवर ट्रक भरून दिल्लीपर्यंत जातो. रताळ्यापासून स्टार्च निघतो, मद्यार्क निघतो, आणि जपानात तर त्याची दारू प्रसिद्ध आहे. तरीही आपला शेतकरी ते कारखान्याला देण्याच्या भानगडीत पडत नाही. उपवासाचे गिऱ्हाईक त्याला स्टार्चच्या गिरणीपेक्षा अधिक देते, आणि केव्हा येणार हेही त्याला पंचांगात दिसते.