मुलाला दमा आहे? एअर प्युरिफायर घेण्याआधी घरातली कॉइल विझवा

हिवाळ्यात मुंबई-पुण्याचा एक्यूआय वाढला की मोबाइलवर एअर प्युरिफायरच्या जाहिराती सुरू होतात. घरात दम्याचं मूल असेल तर पालक घाईघाईनं मशीन मागवतात. पण त्याच खोलीत रात्री कॉइल जळत असेल, तर मशीन एकीकडे हवा गाळणार आणि कॉइल दुसरीकडे ती खराब करणार.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूर, धूळ किंवा बुरशीचे कण आत गेले की त्या आकसतात. मुलांच्या नलिका मुळातच अरुंद, त्यामुळे थोड्याशा सुजेनंही छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री खोकल्याची उबळ येते.

कॉइलचा धूर डोळ्यांना फारसा दिसत नाही, म्हणून तो किरकोळ वाटतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम 2.5 कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. हे कण 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, म्हणजे थेट फुप्फुसात खोलवर जाणारे. त्यात डास येऊ नयेत म्हणून खिडक्याही बंद! लिक्विडच्या मशीनमधून धूर येत नाही, पण कीटकनाशक हवेत मिसळतंच. डेंग्यूच्या भीतीनं डासांकडे दुर्लक्ष करता येत नाही, हेही खरं. त्यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे खिडकीला जाळी आणि मुलाच्या अंथरुणावर मच्छरदाणी.

अगरबत्ती आणि धुपाचं गणितही तेच. लहान बाळाला आंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. आजीची माया खरी असली तरी दम्याच्या मुलाला धूर सोसत नाही. देवापुढे समई-निरांजन पुरेसं आहे. बाल्कनीत ओढलेल्या सिगारेटचा धूरही घरात येतो आणि कपड्यांना चिकटून राहतो. मिरचीच्या फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट फॅन लावायचा आणि मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवायचं.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. भिंतीला ओल येते, कपाटामागे काळे डाग दिसतात. ही बुरशी असते. नुसता रंग मारून ती जात नाही, काही महिन्यांत डाग पुन्हा वर येतात. गळती नेमकी कुठून आहे ते शोधून आधी ती बंद करावी लागते. घरात दोरीवर वाळणारे ओले कपडेही दमटपणा वाढवतात, ते निदान मुलाच्या खोलीत नकोत.

दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. इंग्रजीत त्यांना 'डस्ट माइट' म्हणतात. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा 55 ते 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे. ऊन पडलं की गाद्या, गोधड्या उन्हात टाकायच्या. मऊ खेळणी कमीत कमी ठेवायची. कोरड्या झाडूनं धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं बरं, आणि त्या वेळी मूल खोलीत नको. झुरळांमुळेही दमा वाढतो, पण मुलासमोर स्प्रे मारण्याऐवजी जेल वापरावं.

एवढं करूनही बाहेरची हवा वाईटच असेल, घर हमरस्त्यावर किंवा बांधकामाशेजारी असेल, तर प्युरिफायरचा उपयोग होतो. तो हेपा फिल्टरचा असावा, खोलीच्या आकाराला पुरेल असा असावा आणि चालू असताना दारं-खिडक्या बंद हव्यात. ओझोन सोडणारी यंत्रं टाळा, ओझोननं दमा उलट भडकतो. फिल्टर वेळेवर बदलायचा खर्चही आधीच धरून ठेवा.

हवा सुधारली म्हणून डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर आपल्या मनानं बंद करायचा नाही. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही आराम पडत नसेल, तर त्याला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या.